अहंकार सोडायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं? जाणीव आणि समर्पणाचा सराव

अहंकार सोडायला निघालं की पहिली पंचाईत ही होते की सोडायला निघालेला कोण, तर तोच. 'आजपासून मी अहंकार करणार नाही' असं ठरवलं की चार दिवसांत गाडी 'बघा, मी किती नम्र झालो' इथे येऊन थांबते. म्हणून निश्चयाच्या जोरावर हे काम होत नाही. परंपरेने दोन साधनं सांगितली आहेत आणि ती जोडीनेच चालतात. अहंकार काम करत असताना त्याला पाहायचं, आणि ज्या गोष्टीवर त्याने हक्क सांगितला ती गोष्ट ईश्वराच्या हवाली करायची. नुसतं पाहत राहिलं तर 'मी साक्षी' नावाचा जास्त चिवट अहंकार तयार होतो. नुसतं समर्पण केलं तर आपण काय सोपवलं याचाच पत्ता नसतो. ओठांवर 'सगळं त्याचं' आणि पोटात हिशेब चालू. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

काय सोडायचं आणि काय नाही

आपल्याकडे अंतःकरणाचे चार भाग मानतात. मन 'करू की नको' करतं, बुद्धी ठरवते, चित्त साठवतं आणि अहंकार या सगळ्यावर 'माझं' असा शिक्का मारतो. सही करायला, रस्ता ओलांडायला, मुलाच्या शाळेत 'मी याची आई' म्हणून सांगायला हा 'मी' लागतोच. त्याला हात लावायचा नाही. सोडायचे आहेत ते त्याचे तीन दावे: हे मी केलं, याचं फळ मलाच मिळालं पाहिजे, हे माझ्या मालकीचं आहे. कर्तेपण, भोक्तेपण आणि ममत्व.

'मी कसला कुचकामी', 'माझ्याच नशिबी हे' हीसुद्धा अहंकाराचीच बोली आहे, फक्त सूर रडका. दिवसभर स्वतःला दोष देणाऱ्याच्या मनातही केंद्रस्थानी 'मी'च असतो. फुशारकी मारणाऱ्याइतकीच त्यालाही या सरावाची गरज असते, पण त्याने सुरुवात पहिल्या आठवड्याच्या वहीपासून न करता थेट रात्रीच्या, पाच कारणांच्या हिशेबापासून करावी (दोन्ही पुढे येतात). कारण वही त्याच्या हाती दिली की ती आरोपपत्र होते.

काहींनी मात्र थांबायचं आहे. घरात मारहाण किंवा सततचा अपमान सोसणाऱ्याने 'अहंकार सोडतोय' म्हणून आणखी सोसू नये. तिथे आधी सुरक्षितता आणि मदत. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं झालं असेल तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. स्वतःची किंमत शून्य वाटणं हे अहंकार गेल्याचं लक्षण नाही.

पहिला आठवडा: फक्त नोंद

एक लहान वही घ्या. मोबाइल नको, कारण तो हातात घेतला की दुसरंच काही उघडतं. रात्री झोपण्यापूर्वी जास्तीत जास्त तीन नोंदी, प्रत्येकीत तीनच गोष्टी: काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं आणि मनात जसं उमटलं तसं वाक्य. 'मला राग आला' असं सभ्य भाषांतर नको. मनात 'हा कोण मला शिकवणार' असं आलं असेल तर तेच लिहा.

कुठे शोधायचं? सहा जागा पुरतात: स्तुती झाली तेव्हा, चूक दाखवली तेव्हा, दुसऱ्याचं चांगलं झालेलं कळलं तेव्हा, दुर्लक्ष झालं तेव्हा, ताटकळावं लागलं तेव्हा आणि आपलंच बरोबर ठरलं तेव्हा. शेवटची जागा सगळ्यांत जास्त निसटते. 'मी सांगितलं होतं ना' या वाक्याची चव इतकी गोड असते की तिथे काही तपासावं असं वाटतच नाही.

हे जवळून कसं दिसतं ते पाहू. बैठकीत तुमचा सहकारी एक काम मांडतो. त्यावर तीन आठवडे खपलेले असता तुम्ही, आणि तो तुमचं नाव घेत नाही. पहिल्यांदा शरीर बोलतं: गळ्यापाशी आवळल्यासारखं होतं, कान गरम होतात, जबडा घट्ट मिटतो. मग वाक्य येतं: 'सगळं मी केलं आणि मिरवतोय हा.' पाठोपाठ जुनी प्रकरणं बाहेर पडतात. मागच्या वेळी काय केलं, त्याच्याही आधी काय झालं होतं. मग भाषण रचलं जातं, बैठक संपल्यावर त्याला काय काय सुनावायचं ते. एवढ्यात बैठकीत पुढचे दोन मुद्दे होऊन गेलेले असतात आणि ते आपल्या कानावरही आलेले नसतात.

शरीर, वाक्य, जुनी प्रकरणं, भाषण. क्रम जवळपास नेहमी हाच असतो. भाषणापर्यंत पोचल्यावर परतणं अवघड, जुन्या प्रकरणांपाशी कष्टाने जमतं, शरीरापाशी पकडलं तर सोपं. म्हणून वहीत शरीराचा रकाना टाळू नका. बरेच जण तोच कोरा ठेवतात आणि मग महिनाभर 'सगळं कळतं पण वळत नाही' म्हणत राहतात.

या आठवड्यात स्वतःला सुधारायचं नाही. 'का झालं' हेही लिहायचं नाही. 'का' लिहायला बसलं की बुद्धी वकिली सुरू करते आणि तीन ओळींचं पान होतं, पानभर आपलीच बाजू.

सकाळचं बसणं: वीस मिनिटं

दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी वीस मिनिटं. अजिबात सवय नसेल तर दहा. पाठ ताठ पण ताणलेली नको; खुर्चीवर बसलात तरी चालतं, पाय जमिनीला टेकलेले असावेत. मांडीच घालून बसायला हवं हा हट्टही तपासून पाहण्यासारखा आहे.

पहिली पाच मिनिटं श्वास जसा चाललाय तसा जाणवू द्या. त्याला लांबवू नका, मोजू नका. पुढची दहा मिनिटं मनात उमटणाऱ्या वाक्यांकडे लक्ष द्या आणि त्यातलं 'मी', 'मला', 'माझं' आलं की आतल्या आत हलकेच 'मी आला' एवढं म्हणून श्वासावर परत या. ते वाक्य चांगलं की वाईट हे ठरवायचं नाही. सुरुवातीला मिनिटा-मिनिटाला 'मी आला' म्हणावं लागेल. त्याने खचायचं कारण नाही, ती गर्दी आधीपासून होतीच.

उरलेली पाच मिनिटं विचारणेची. एखादा विचार उठला की विचारा: हा कोणाला आला? उत्तर येतं, 'मला'. मग: हा 'मी' कोण? इथे शब्दांत उत्तर द्यायचं नाही. 'मी आत्मा', 'मी ब्रह्म' ही उत्तरं पाठांतरातून येतात आणि दार बंद करतात. प्रश्न विचारून, जिथून 'मी' उठतो त्या दिशेला लक्ष वळवून गप्प राहायचं. ही पद्धत रमण महर्षींनी विसाव्या शतकात रुजवली आणि तिचा मंत्रासारखा जप करू नका असं ते स्पष्ट सांगत. तरीही तिचा जप करणारे भरपूर सापडतात, कारण जप मोजता येतो.

इथे तीन गोष्टी बिघडतात. झोप येते, तर डोळे अर्धवट उघडे ठेवा आणि बसण्याची वेळ अंघोळीनंतरची करा. डोकं जड होतं किंवा कपाळावर ताण येतो. म्हणजे 'मी'ला शोधण्यात जोर लावताय, तेव्हा विचारणा सोडून फक्त श्वासावर या. तिसरी गोष्ट हळूच घडते. काही दिवस मन शांत राहतं आणि घरातल्यांचा गोंगाट सहन होईनासा होतो. 'मी ध्यानाला बसतो तेव्हा कोणी आवाज करायचा नाही' असं फर्मान निघालं की समजावं, अहंकाराने आसनावर बस्तान बसवलं.

ऐन प्रसंगात: तीन श्वास आणि दोन प्रश्न

बैठकीतला तोच प्रसंग. गळा आवळल्याचं लक्षात आलं की पावलं जमिनीवर टेकल्याचं जाणवू द्या. तीन श्वास: चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं की छातीची धडधड मंदावते, एवढंच त्याचं काम. त्यात गूढ काही नाही. मग दोन प्रश्न. लागलं कोणाला? आणि आत्ता करायचं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'माझ्या प्रतिमेला' असं येतं. ते नाकारू नका, लागलंय तर लागलंय. दुसरा प्रश्न त्यापासून वेगळा ठेवायचा. कधी करण्यासारखं काहीच नसतं. कधी बोलणं गरजेचं असतं: 'या भागाचं काम मी पाहिलंय, आकड्यांबद्दल काही विचारायचं असेल तर मी सांगतो.' हे बोलणं अहंकारातून येतंय की गरजेतून, याची कसोटी अशी: नाव तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाचं गाळलं गेलं असतं, तर त्याच्यासाठी तुम्ही हेच, याच स्वरात बोलला असता का? हो असेल तर खुशाल बोला. अहंकार सोडणं म्हणजे तोंड शिवून घेणं असं समजल्याने कित्येक भली माणसं आतल्या आत कुढत राहतात आणि त्याला साधना म्हणतात.

रात्रीचा हिशेब: पाच कारणं

सगळ्या सरावात सर्वाधिक फळ देणारा भाग हा, आणि सर्वांत कंटाळवाणाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात १४व्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. दिवसातलं एक जमलेलं काम आणि एक फसलेलं काम घ्या आणि दोन्ही या पाच खान्यांत मांडा. दहा मिनिटं पुरतात.

समजा अहवाल चांगला झाला. अधिष्ठानात येतं शरीर: ताप नव्हता, पाठ दुखत नव्हती, बसायला जागा होती. कर्ता म्हणजे 'मी करतो' म्हणून पुढे झालेले तुम्ही. ते लिहा, लाजू नका. करणात डोळे, हात, बुद्धी, संगणक, आणि ज्या भाषेत लिहिलं ती भाषा, जी तुम्ही तयार केलेली नाही. चेष्टांमध्ये प्रत्यक्ष झालेले श्रम: तुमचे तास, आकडे गोळा करणाऱ्याची धावपळ, चुका शोधणाऱ्याची नजर, त्या दिवसांत घर सांभाळणाऱ्याचे कष्ट. दैवात जे कोणाच्याच हातात नव्हतं ते: वाचणारा त्या दिवशी निवांत होता, ऐन वेळी नियम बदलला नाही. पाचही खाने भरल्यावर 'हे मी केलं' हे वाक्य पुन्हा म्हणून पाहा. ते खोटं ठरत नाही, पण पाचातला एक खाना एवढंच त्याचं माप उरतं. त्याच अध्यायात १६व्या श्लोकात, असं असूनही केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असं म्हटलं आहे.

फसलेल्या कामालाही हेच माप. स्वतःला झोडपणाऱ्याला इथे मोकळा श्वास मिळतो, कारण अपयशातही तो एकटा नसतो. पण कर्त्याचा खाना प्रामाणिकपणे भरायचा. 'शेवटच्या दिवसापर्यंत टाळलं' हे खरं असेल तर तिथेच लिहायचं, दैवात ढकलायचं नाही. यश कर्त्याच्या खान्यात आणि अपयश दैवाच्या, अशी वाटणी पानोपान दिसू लागली तर हिशेब अहंकारच लिहितोय.

समर्पण: काय द्यायचं, कधी द्यायचं

नवविधा भक्तीत आत्मनिवेदन नववं आहे. त्याच्या आधी श्रवणापासून सख्यापर्यंत आठ पायऱ्या आहेत आणि दास्य, म्हणजे सेवा, सातवी. ज्याला दुसऱ्याने सांगितलेलं साधं काम मुकाट्याने करणं जमत नाही, त्याने 'माझं सर्वस्व तुला वाहिलं' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून सुरुवात लहान गोष्टींनी करा: एक काम, त्याचं एक फळ.

कामाच्या आधी अर्धा मिनिट थांबा. मनात म्हणा, 'हे काम तुझं. माझ्या वाट्याचं मी नीट करीन.' ज्याला सगुण देव मानवत नाही त्याने 'हे काम ज्यांच्यासाठी आहे त्यांचं' म्हणावं. कोणाला तरी उद्देशून म्हणणं महत्त्वाचं, कारण हवेत सोडलेलं समर्पण आपल्याकडेच परत येतं. काम चालू असताना समर्पणाचा विचारही करू नका, कामच करा. काम संपल्यावर हात मोकळे करा, तळवे वर, डोकं किंचित झुकवा आणि म्हणा, 'झालं ते तुझं. पुढचंही तुझं.' ही शारीरिक कृती गाळू नका. मूठ आवळलेली, मान ताठ आणि तोंडाने समर्पण, हे शरीराला पटत नाही.

त्यानंतर निकाल विचारायला मन पंधरा वेळा धावेल: त्यांनी वाचलं का, काय म्हणाले, उत्तर का आलं नाही. प्रत्येक धाव म्हणजे दिलेलं परत मागणं. तेव्हा पुन्हा 'तुझं' म्हणायचं. पंधरा वेळा तर पंधरा वेळा. समर्पण एकदाच होऊन जातं अशी समजूत असते, म्हणून दुसऱ्यांदा चिंता वाटली की माणूस 'माझं समर्पण खोटं' म्हणून सोडून देतो.

वैष्णव परंपरेत शरणागतीची सहा अंगं सांगितली आहेत, ती स्वतःला तपासायला उपयोगी पडतात. ईश्वराला अनुकूल ते करण्याचा संकल्प आणि प्रतिकूल ते टाळणं, ही पहिली दोन. समर्पण म्हणजे हात बांधून बसणं नाही, हे इथेच स्पष्ट होतं. यादीची सुरुवातच करणं आणि टाळणं यांनी झाली आहे. मग तो सांभाळेल हा विश्वास, त्याला रक्षक म्हणून स्वीकारणं, स्वतःला सोपवणं आणि कार्पण्य, म्हणजे आपण अपुरे आहोत हे मान्य करणं. बहुतेकांचं घोडं अडतं ते या शेवटच्यावर. त्यासाठी आठवड्यातून एकदा अशा कामात मदत मागा, जे तुम्ही एकट्याने करू शकला असता. मागताना स्पष्टीकरण देऊ नका. 'तसं मी केलं असतं, पण वेळ नाही' यातला पहिला अर्धा भाग गिळायचा.

सौदा हा समर्पणाचा नेहमीचा घोटाळा: 'मी फळ सोडलं, म्हणजे आता चांगलंच फळ मिळेल.' ओळखायची खूण म्हणजे निकाल वाईट लागला की देवावर फसवणुकीचा राग येतो. राग आला तर तोही त्याच्याच हवाली करा, शब्द न सजवता.

दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो: ईश्वराच्या जागी माणसाला बसवणं. मार्गदर्शक असणं चांगलं. पण प्रश्न विचारला की 'हा तुझा अहंकार' असं उत्तर मिळत असेल, घरच्यांपासून तोडलं जात असेल, पैशांचा किंवा शरीराचा विषय गुपित ठेवायला सांगितलं जात असेल, तर तिथून उठा. अहंकार सोडायला सांगणाऱ्याने तुमची विवेकबुद्धी मागायची नसते. अंतःकरणात ती दोन वेगळी खाती आहेत.

लोकांमध्ये वावरताना

गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या ज्ञानाच्या लक्षणांत पहिलं अमानित्व आणि दुसरं अदंभित्व: मानाची अपेक्षा नसणं आणि केलेलं न मिरवणं. अदंभित्वाचा सराव सोपा आहे. आठवड्यातून एक उपयोगाचं काम असं करा, की ते कोणी केलं हे कोणालाच कळणार नाही. नंतर विषय निघाला आणि श्रेय भलत्यालाच गेलं तर गप्प बसायचं. जिभेच्या टोकावर आलेलं 'अहो, ते मीच...' कसं वळवळतं ते पाहण्यासारखं असतं.

कोणी स्वतःची अडचण सांगत असेल तर तिथे आपली गोष्ट जोडू नका. 'माझंही असंच झालं होतं' हे सांत्वन वाटतं, पण सांगणारा श्रोता होऊन बसतो. माफी मागताना वाक्यात 'पण' नको: 'मी आवाज चढवला, चुकलं माझं.' पूर्णविराम. स्तुती झाली तर 'छे, छे, मी कसला' नको. त्याने समोरचा आणखी दोनदा स्तुती करतो. 'बरं वाटलं ऐकून' म्हणा आणि पुढच्या विषयाकडे वळा. मग ती स्तुती रात्री पाच खान्यांत मांडा.

प्रगती कशावरून ओळखायची

अहंकार उठतच नाही ही खूण शोधू नका. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अस्मितेला, म्हणजे 'मी'पणाला, पाच क्लेशांत (मनाला छळणाऱ्या मूळ दोषांत) गणलं आहे आणि अविद्येतून उगवणाऱ्या या क्लेशांच्या चार अवस्था दिल्या आहेत: प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. म्हणजे झोपलेला, क्षीण झालेला, दुसऱ्या भावनेखाली तात्पुरता दबलेला आणि पूर्ण जोरात असलेला. सुट्टीत, एकांतात किंवा शिबिरात मन निर्मळ वाटतं तेव्हा अस्मिता बहुधा प्रसुप्त किंवा विच्छिन्न असते. घरी परतल्यावर पहिल्याच टोमण्याला ती उदार होते आणि माणूस 'सगळं वाया गेलं' म्हणतो. वाया काही जात नाही. झोपलेलं फक्त जागं झालं. नेहमीच्या माणसांत, नेहमीच्या कटकटीत ती तनू होतेय का, एवढंच बघायचं.

मोजायचं असेल तर एकच गोष्ट मोजा: लागल्यापासून सावरेपर्यंतचा वेळ. आधी एखादा शब्द दोन दिवस डाचायचा, आता संध्याकाळपर्यंत निवतो, तर सराव चाललाय. महिन्यातून एकदा वही चाळा आणि हा वेळ कमी होतोय का ते पाहा. तीन महिने काहीच बदल नसेल तर बहुतेक वेळा रात्रीचा हिशेब गळालेला असतो किंवा वहीतला शरीराचा रकाना कोरा असतो. आधी ते दोन तपासा, सकाळची वेळ वाढवण्याची घाई नको. आणखी एक तपासणी घरातल्या माणसाकडून करून घ्या. 'मी अलीकडे कसा वागतो?' एवढंच विचारा, उत्तर पूर्ण ऐका आणि त्यावर खुलासा करू नका. ते उत्तर त्या रात्रीची पहिली नोंद.

मध्ये सराव तुटला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नका. ठरलेली वीस मिनिटं, तीन ओळी आणि पाच खाने, तिथूनच पुन्हा.